आभाळाची शाळा : पोकळीतला जागल्या



मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. एका शनिवारी बैठक लांबली आणि मला अकोल्याहून अमरावतीची एस.टी. मिळेपर्यंत चांगलाच अंधार पडला. खिडकीजवळची जागा मिळाली होती. अकोल्याचे दिवे मागे पडले. मग बोरगाव मंजूचे दिवे आले, मग मूर्तिजापूरचे, मग बडनेऱ्याचे. गाव आलं की दिव्यांची गर्दी. दोन गावांच्या मधे रस्त्याच्या कडेला एखादा ढाबा, एखादा पेट्रोल पंप. आणि रस्त्यापासून दूर, शेतांच्या बाजूला पाहावं तर काळोख. नुसता काळोख!

तुम्ही म्हणाल, "बाई, यात नवल ते काय? रात्री काळोख असायचाच!" खरं आहे. पण त्या रात्री माझ्या मनात आलं, अरे, आपलं विश्वसुद्धा असंच आहे की! तिथंही दिव्यांची गावं आहेत, गावांना जोडणारे रस्ते आहेत आणि मधे मोकळी, काळी शेतं आहेत. आज आपण त्या काळ्या शेतांत फेरफटका मारू. तिथं कोण राहतं आणि जो राहतो त्याच्या पोटात काय असतं, ते पाहू. आणि हो, या धड्यात तुमच्या बाईंच्या दोन चुका झाल्या. त्याही सांगणार आहे.

दिव्यांची गावं

आधी थोडी उजळणी करू. आपला सूर्य हा एक तारा. असे दहा हजार कोटींहून जास्त तारे मिळून आपली आकाशगंगा झाली आहे. ताऱ्यांच्या अशा प्रचंड वस्त्या विश्वात आणखी पुष्कळ आहेत. त्यांना शास्त्रज्ञ 'दीर्घिका' म्हणतात. म्हणजे आपली आकाशगंगा ही एक दीर्घिकाच.

दीर्घिकांमधली अंतरं किलोमीटरमध्ये सांगायला गेलो तर शून्यं लिहिता लिहिता पाटी भरून जाईल. म्हणून प्रकाशवर्ष वापरायचं. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. तो वर्षभरात जेवढा जाईल तेवढं अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष. ते भरतं सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर! आपली शेजारची मोठी दीर्घिका म्हणजे देवयानी. ती आहे सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर. एवढी दूर, तरी तिला शेजारीणच म्हणायचं बरं का!

आता या दीर्घिका विश्वात सगळीकडे सारख्या पसरल्या आहेत का? मुळीच नाही. पहिला पाऊस पडला की अंगणातलं पाणी काय करतं, आठवा. जिथं जरासा खोलगट भाग असतो तिकडे ते ओढ घेतं. तिथं डबकं होतं आणि उंचवटे कोरडे पडतात. विश्वाच्या सुरुवातीला पदार्थ जवळजवळ सारखाच पसरलेला होता, पण अगदी जवळजवळच. कुठं किंचित जास्त, कुठं किंचित कमी. जिथं जास्त, तिथलं गुरुत्वाकर्षण जास्त. त्यानं आजूबाजूचं आपल्याकडे ओढलं. भरलेलं आणखी भरत गेलं, रितं आणखी रितं होत गेलं. अशानं सगळ्या विश्वाचं एक जाळं तयार झालं. जाळ्याच्या धाग्यांवर आणि गाठींवर दीर्घिकांची वस्ती, आणि मधल्या भोकांत जवळजवळ काही नाही.

अशी एक मोठी गाठ आपल्या पुण्याच्या 'आयुका' या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली जाहीर केली. मीन राशीच्या दिशेनं, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं दूर. तिचं नाव त्यांनी ठेवलं 'सरस्वती'. दीर्घिकांचं हे महानगर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षं पसरलं आहे. आयुका म्हणजे तीच संस्था, जिचे संस्थापक संचालक आपले डॉ. जयंत नारळीकर होते. ते २०२५ साली आपल्यातून गेले.

स्वातीच्या दिशेची पोकळी

महानगर पाहिलं. आता रान पाहू. जाळ्याच्या मधल्या भोकांना म्हणतात 'महापोकळ्या'. सगळ्यांत नावाजलेली महापोकळी १९८१ साली रॉबर्ट किर्शनर आणि त्यांच्या साथीदारांनी शोधली. ती भूतप या तारकासमूहाच्या दिशेला आहे. भूतप म्हणजे ज्यात स्वाती नक्षत्राचा ठळक तारा आहे तो. ही पोकळी आपल्यापासून सुमारे ७० कोटी प्रकाशवर्षं दूर आहे आणि तिचा व्यास आहे सुमारे ३३ कोटी प्रकाशवर्षं!

हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा वर्गातली मुलं माझ्याकडे नुसती बघत राहिली. बरोबरच आहे. ३३ कोटी म्हणजे किती, हे माझ्या तरी कुठं डोळ्यांपुढे येत होतं? मग आम्ही चिंचोके आणले. आमच्या शाळेमागे चिंच आहे, चिंचोक्यांना काय तोटा!

ठरवलं, एक चिंचोका म्हणजे आपली आकाशगंगा. तिच्यापासून एक वीत अंतरावर दुसरा चिंचोका ठेवला, ती देवयानी. मग हिशेब केला. या मापानं भूतपाची महापोकळी किती मोठी होईल? जवळजवळ २४ मीटर! म्हणजे आमच्या शाळेचं अख्खं मैदान, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. एवढ्या जागेत इतर ठिकाणासारखी वस्ती असती, तर अंदाजे २००० दीर्घिका असायला हव्या होत्या. सापडल्या किती? सुमारे ६०. आमची सगळी शाळा मिळून ६० चिंचोके मैदानात पसरत फिरली. एक इथं, एक पार तिकडे. (खरी पोकळी मैदानासारखी सपाट नाही, फुग्यासारखी सगळ्या बाजूंनी पसरलेली आहे. म्हणजे खरी विरळ वस्ती याहूनही विरळ.)

पसरून झाल्यावर पोरं पायरीवर येऊन बसली. चिंचोके दिसतच नव्हते. मी म्हटलं, "बघा, आता इथं काहीच नाही. रिकामं! याला म्हणायचं महापोकळी."

ही माझी पहिली चूक. आणि ती दाखवली चौथीतल्या एका मुलानं. त्याचं नाव सांगत नाही, कारण छापू नका असं त्यानं मला बजावलं आहे. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, थे रिकामं नाई हाय जी."

"काऊन रे?" मीही त्याच्याच बोलीत विचारलं.

"आमच्या वावरात रातच्याला कोनीच नसते असं सारे म्हनतात. पन माहे बाबा असतात ना जी तिथं. जागलीले."

सगळी मुलं गप्प झाली. मीही. कारण माझी दुसरी चूक त्या क्षणी मला कळली होती. हा मुलगा वर्गात पेंगायचा. त्या आठवड्यात मी त्याला दोनदा उभं केलं होतं. "रात्री टीव्ही पाहत बसतोस का?" असंही चारचौघांत विचारलं होतं. खरं कारण असं की हरभरा घाट्यावर आला होता आणि वावरात रानडुकरं, रोही शिरत होते. त्याचे बाबा रात्रभर वावरात. हा त्यांचा डबा घेऊन जायचा आणि उशिरापर्यंत तिथंच थांबायचा. मी रागावले होते, पण 'का' हे विचारलं नव्हतं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी 'का' विचारू नये, ही काही लहान चूक नाही!

मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "तुझं बरोबर आहे. माझं चुकलं." मग आम्ही फळ्यावरचं 'काहीच नाही' खोडलं आणि 'फार थोडं आहे' असं लिहिलं.

मधला काळा जागल्या

मग त्यानंच दुसरा प्रश्न विचारला. "बाई, तुमी म्हनल्या होत्या, आपल्या आकाशगंगेच्या मधात कृष्णविवर हाय. थ्या एकट्यावाल्या दीर्घिकेच्या पोटातबी असते का जी?"

काय प्रश्न आहे, पाहिलंत? मोठमोठे शास्त्रज्ञ हाच प्रश्न विचारतात. पण उत्तराआधी कृष्णविवर म्हणजे काय ते पक्कं करू, कारण त्याबद्दल बऱ्याच जणांच्या मनात भीती असते.

कृष्णविवर म्हणजे खड्डा नव्हे. खूप खूप पदार्थ अगदी छोट्या जागेत कोंबला गेला की त्याचं गुरुत्वाकर्षण इतकं जबर होतं की जवळ गेलेला प्रकाशसुद्धा सुटून येऊ शकत नाही. किती कोंबायचं? आपली अख्खी पृथ्वी, डोंगर, समुद्र सगळ्यांसकट, एका बोराएवढी केली तर ती कृष्णविवर होईल! (काळजी करू नका, तशी ती होणार नाही.)

दीर्घिकांच्या मध्यभागी असतात ती साधी कृष्णविवरं नव्हेत, महाकाय कृष्णविवरं. आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी, धनू राशीच्या दिशेला, असं एक आहे. त्याचं वजन सुमारे ४० लाख सूर्यांएवढं. ते दिसत नाही, मग कळलं कसं? तुमच्या आजोबांना खळ्याबद्दल विचारा. खळ्याच्या मधे खांब रोवायचे आणि बैल त्याभोवती गोल फिरायचे. दुरून खांब दिसला नाही तरी बैल कसे फिरतात त्यावरून मधे काहीतरी आहे हे कळतंच की नाही? तसं आकाशगंगेच्या मध्याजवळचे तारे गोल फिरताना दिसले. त्यातला एक तारा तर १६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. ज्याभोवती फिरतात ते मात्र दिसत नाही! हे वर्षानुवर्षं मोजणाऱ्या राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रेआ गेझ यांना २०२० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कृष्णविवरांचं गणित मांडणारे रॉजर पेनरोज तिसरे मानकरी. आणि २०२२ साली तर या कृष्णविवराच्या सावलीचं चित्रही मिळालं.

मग ते आपल्याला गिळेल का? नाही. ते आपल्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं दूर आहे. कृष्णविवर काही झाडणीसारखं सगळं ओढत फिरत नाही. उद्या सूर्याच्या जागी सूर्याच्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं, तर पृथ्वी आहे त्याच वाटेनं फिरत राहील. फक्त अंधार होईल आणि थंडी वाजेल!

जे अगदी जवळ जातं, तेच आत जातं. गॅस आत पडताना नरसाळ्यातल्या पाण्यासारखा गरगर फिरतो, घासून घासून तापतो आणि झळाळतो. अशा वेळी कृष्णविवर 'जागं' आहे असं म्हणू. आपलं सध्या बरंचसं झोपलेलं आहे.

एकट्याचं पोट

आता त्या प्रश्नाचं उत्तर. महाकाय कृष्णविवर वाढतं कसं? एक तर गॅस खाऊन, आणि दुसरं म्हणजे दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांच्या मधली कृष्णविवरंही एक होऊन. दीर्घिकांच्या गजबजलेल्या गावात अशी धडकाधडकी पुष्कळ. कन्या राशीच्या दिशेला दीर्घिकांचा मोठा घोळका आहे. त्यातल्या एका दीर्घिकेच्या मधलं कृष्णविवर ६५० कोटी सूर्यांएवढं आहे! १० एप्रिल २०१९ रोजी साऱ्या जगानं ज्याचं चित्र पाहिलं, तेच हे. कृष्णविवराचं ते पहिलंवहिलं चित्र.

महापोकळीत शेजारीच नाहीत, तर कोण कोणाला धडकणार? मग तिथं कृष्णविवरं नसतीलच, असं वाटेल. पण शास्त्रज्ञांनी आकाशाच्या मोठ्या नकाशांतून पोकळीतल्या दीर्घिका वेचून काढल्या आणि एकेकीचा प्रकाश तपासला. २००८ साली अँका कॉन्स्टँटिन आणि त्यांच्या सोबत्यांनी असा अभ्यास छापला. तर काय, पोकळीतल्या दीर्घिकांच्या पोटातही जागी कृष्णविवरं होती! शेजारी नसला तरी दीर्घिकेचा स्वतःचा गॅस असतो. तो हळूहळू मध्याकडे सरकत राहतो. गजबजलेल्या वस्तीपेक्षा तिथली जास्त जागी की कमी, यावर मात्र वेगवेगळ्या अभ्यासांची उत्तरं वेगवेगळी आली आहेत. तो वाद अजून मिटलेला नाही. तुमच्यापैकी कोणी तरी मोठेपणी मिटवा!

आणखी एक गंमत. २०२३ साली स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या साथीदारांनी दाखवलं, की पोकळीतल्या दीर्घिका आपले तारे सरासरीनं सावकाश तयार करतात. त्यांना घाई नसते. वाढतात, पण आपल्या चालीनं.

खोडदच्या दुर्बिणी

"मंग गावातल्याले पोकळीचं काई माईतच नसन," दुसरी एक मुलगी म्हणाली. तसंही नाही. याचा पुरावा शोधायला आपल्याच महाराष्ट्राची मदत झाली आहे.

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद नावाचं गाव आहे. तिथं आणि आसपासच्या शिवारात मिळून ३० प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. एकेक ४५ मीटर व्यासाची, आणि सगळ्या मिळून सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. ही आहे जीएमआरटी, म्हणजे महाकाय रेडिओ दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि कष्टातून ती उभी राहिली. ती डोळ्यांना दिसणारा प्रकाश नव्हे, तर आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते.

जागं कृष्णविवर कधी कधी आत पडणाऱ्या पदार्थातला थोडा भाग दोन बाजूंना जोरात बाहेर फेकतं. दोन पिचकाऱ्याच जणू. २०२४ साली शास्त्रज्ञांनी आजवरच्या सर्वांत लांब पिचकाऱ्या जाहीर केल्या. त्यांना 'पोर्फिरियन' या ग्रीक कथेतल्या राक्षसाचं नाव दिलं. त्या आधी दिसल्या युरोपातल्या 'लोफार' दुर्बिणीला. पण त्या निघाल्या कोणत्या दीर्घिकेतून, हे शोधायला आपली खोडदची दुर्बीण कामी आली. टोकापासून टोकापर्यंत लांबी किती? २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षं! आपल्यासारख्या १४० आकाशगंगा एका रांगेत मांडाव्यात, इतकी. आम्ही लगेच १४० चिंचोके रांगेत मांडले. पहिलीतली सगळ्यांत छोटी मुलगी त्यांच्या शेजारी आडवी झाली. रांग तिच्याहून लांब भरली!

म्हणजे बघा, पिचकारी निघाली जाळ्याच्या धाग्यावरच्या एका दीर्घिकेतून आणि तिचे शेंडे पोचले बाजूच्या महापोकळ्यांकडे. शास्त्रज्ञांना वाटतं, की अशा पिचकाऱ्यांनी पोकळ्यांमध्ये ऊर्जा आणि चुंबकत्व नेऊन पोचवलं असावं. हा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय होतं सुमारे ६३० कोटी वर्षं. आपला सूर्य तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता.

तीन वेळा बॅटरी

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या मुलाच्या घरी गेले. बाबा नुकतेच झोपून उठले होते. मी म्हटलं, "मुलाला रात्री झोप मिळायला हवी." ते म्हणाले, "मले समजते जी बाई. पन थो असला का बोलाले कोनी असते. एकट्यानं रात सरत नाई." यावर मी काय बोलणार? हरभरा गेला असता तर वर्षाचा घास गेला असता. मुलाची झोप गेली तर शाळा जाते. दोन्ही खरं होतं.

शेवटी तोडगा त्या मुलानंच काढला. आता तो फक्त शनिवारी रात्री वावरात जातो. इतर दिवशी गावातली मोठी माणसं आळीपाळीनं डबा पोचवतात. आणि रोज रात्री साडेआठला तो माळवदावर चढतो आणि वावराच्या दिशेनं बॅटरी तीन वेळा लावतो-विझवतो. तिकडून, त्या काळोखातून, तीन वेळा उत्तर येतं. मग तो झोपतो. मी एकदा त्याच्यासोबत माळवदावर उभी राहून पाहिलं आहे. फार लांबचा, अगदी बारीक दिवा. पण दिसतो.

आता वर्गात तो पेंगत नाही. म्हणजे, फक्त पाढ्यांच्या तासाला पेंगतो, पण ते तर सगळेच पेंगतात!

करून पाहा

१) एक चिंचोका म्हणजे आकाशगंगा, हे माप धरून तुमच्या अंगणात किंवा गच्चीवर देवयानी मांडा. मग ६० चिंचोके २४ मीटरच्या गोलात पसरा. जागा नसेल तर चिंचोक्याऐवजी मोहरीचा दाणा घ्या. मग गोल केवढा काढावा लागेल, ते स्वतः काढा. उत्तर पत्रानं कळवा.

२) सप्तर्षींचा पतंग ओळखा. त्याच्या शेपटीचं वळण तसंच पुढं वाढवत न्या. एक ठळक, नारिंगी झाक असलेला तारा लागेल. तोच स्वाती. उन्हाळ्यात तो संध्याकाळनंतर पूर्वेकडे दिसतो, पौषात पहाटे पूर्वेला चांगला वर आलेला असतो. स्वाती तसा आपला जवळचा, सुमारे ३७ प्रकाशवर्षांवरचा. त्याच्याही खूप खूप पलीकडे ती महापोकळी आहे. ती डोळ्यांनी दिसणार नाही, पण तिकडे बघून हात करायला काय हरकत आहे?

आई-बाबांसाठी एक ओळ : मूल वर्गात पेंगतं, अशी तक्रार घरी आली तर रागवायच्या आधी 'का' विचारा. आम्ही बायासुद्धा आता विचारू.

पुढच्या अंकात लोणारला जाऊ. तिथं खरोखरचा खड्डा आहे, आणि तो आभाळातूनच आलेल्या पाहुण्यानं केला आहे!

तुमच्या,
बाई